मका आणि सावर क्रीम: सूप फुटतं, कॅसरोल पाणी सोडतं, कॉर्नब्रेडचा चुरा होतो, तेव्हा काय करायचं

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणासाठी, कॉर्न कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला मक्याचा मऊ पदार्थ) केलं, ओव्हनमधून काढलं तेव्हा वरून छान सोनेरी होतं, पण चमचा घातला तर तळाशी पाणी आणि मध्ये गिचका. पुण्या-मुंबईकडचा प्रश्न वेगळा असतो. मक्याचं सूप मस्त दाट झालं होतं, शेवटी सावर क्रीम घातलं आणि बघता बघता पांढरी कणी एकीकडे, पिवळट पाणी एकीकडे. तिसरी तक्रार दोन्हीकडून सारखीच येते: रेसिपीत लिहिलंय तेवढं सावर क्रीम घालूनही कॉर्नब्रेड इतका कोरडा, की तुकडा उचलला की हातात चुरा.

तिन्ही वेळा दोष सावर क्रीमच्या डब्यावर जातो आणि पुढच्या वेळी ब्रँड बदलला जातो. ब्रँड बदलून यातलं काहीच सुटत नाही. आधी पाणी शोधा. सूपमध्ये क्रीमच्या आतलं पाणी बाहेर पडलेलं असतं, कॅसरोलमध्ये मक्याचं पाणी जास्त झालेलं असतं आणि कॉर्नब्रेडमध्ये पिठाला हवं तेवढं पाणी मिळालेलंच नसतं. पाणी कुठून आलं किंवा कुठे कमी पडलं हे कळलं, की उपाय जवळजवळ आपोआप सापडतो.

डब्यात नेमकं काय असतं

सावर क्रीम म्हणजे विरजलेली मलई. अमेरिकेच्या अन्न नियमांप्रमाणे साध्या सावर क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १८ टक्के आणि आंबटपणा, लॅक्टिक आम्लाच्या हिशेबात, किमान ०.५ टक्के असावा लागतो. बाकी राहिलं त्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा. चमच्यावर घट्ट उभं राहतं म्हणून ते पाणी आपल्याला दिसत नाही.

हे पाणी धरून ठेवतं ते दुधातलं केसिन नावाचं प्रथिन. सामू (pH) ४.६ च्या आसपास आला की केसिनचे कण एकमेकांना चिकटून जाळी करतात, आणि सावर क्रीमचा सामू साधारण तिथेच असतो. गार असताना ही जाळी सैल असते, तिच्यात पाणी आणि स्निग्धांश नीट अडकून राहतात. चांगली उष्णता लागली की जाळी आक्रसते आणि पाणी बाहेर पडतं. सूपमध्ये दिसणारी कणी म्हणजे ही आक्रसलेली जाळी.

स्निग्धांश जास्त असेल तर कण एकमेकांपासून लांब राहतात आणि फुटणं टळतं. म्हणूनच ३० टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांशाचं फ्रेंच क्रेम फ्रेश उकळीलाही बऱ्यापैकी टिकतं, साधं सावर क्रीम टिकेलच असं नाही, आणि 'लाइट' किंवा 'फॅट फ्री' लिहिलेलं तर गरम सूपमध्ये घालूच नये. त्यात घट्टपणासाठी डिंक आणि स्टार्च घातलेले असतात. गार डिपला ते चालतात, गॅसवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

सूप आणि चाउडर (दाट दुधाळ सूप) फुटतं

ज्याला कढी करता येते त्याला हे निम्मं आधीच येतं. ताक तसंच उकळलं तर फुटतं, म्हणून आपण त्याला बेसन लावतो, मंद आचेवर ढवळत राहतो आणि खळखळून उकळी येऊ देत नाही. बेसनातला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन बसतो, त्यांना गोळा होऊ देत नाही. मक्याच्या सूपमध्ये हेच काम मैदा किंवा कॉर्नफ्लोअर करतं.

मी असं करते. लोण्यावर कांदा परतला की लिटरभर सूपसाठी दोन मोठे चमचे मैदा घालून एक-दोन मिनिटं परतायचा, मग दूध किंवा भाज्यांचं पाणी आणि मक्याचे दाणे. मका शिजला की निम्मं सूप मिक्सरमधून फिरवून परत पातेल्यात. मक्याचा स्वतःचा स्टार्चही असा मोकळा होतो आणि मदतीला येतो. मग गॅस बंद. पातेलं ओट्यावर पाच मिनिटं राहू द्यायचं. तोवर सावर क्रीम, जे फ्रिजमधून निदान अर्धा तास आधी काढलेलं असावं, एका वाडग्यात फेटून घ्यायचं आणि त्यात गरम सूप डावभर घालून ढवळायचं. आणखी एक डाव, पुन्हा ढवळायचं. वाडगं हाताला चांगलं कोमट लागलं की ते मिश्रण पातेल्यात ओतायचं. यानंतर पातेलं गॅसवर ठेवावंच लागलं तर अगदी बारीक आचेवर, आणि कडेला पहिले बुडबुडे दिसण्याआधी उतरवायचं.

लिंबू, टोमॅटो, हालापेन्योचं व्हिनेगर असं काही आंबट घालायचं असेल तर ते वाढताना, वाटीत. इंदूरकडे भुट्ट्याचा कीस करतात तिथे हे फार जुनं शहाणपण आहे. कणीस किसून तुपात परततात, दुधात शिजवतात आणि लिंबू पिळतात ते सगळं झाल्यावर. इंदूरच्या मराठी घरांतही तो असाच होतो. दूध आटेपर्यंत आंबटाचा थेंब नाही, म्हणून कीस मऊ राहतो, त्याला कणी येत नाही.

फुटलेलं सूप वाचतं का? दिसायला वाचतं. दाणे गाळून बाजूला काढा, पातळ भाग मिक्सरमध्ये घाला, त्यात शिजलेले दाणे पळीभर घालून मिनिटभर फिरवा. गुळगुळीत होईल, चवीतही फरक पडणार नाही. पण ते लगेच वाढा, कारण पुन्हा तापवलं की पुन्हा फुटेल. पाहुणे यायला अवकाश असेल तर दुसरा मार्ग बरा: सूप सावर क्रीमशिवाय करून ठेवायचं आणि प्रत्येक वाटीत वरून एक चमचा सोडायचा. मेक्सिकन जेवणात क्रेमा अशीच वरून सोडतात. ती सावर क्रीमपेक्षा पातळ आणि कमी आंबट असते, म्हणून वाटीत सहज मिसळते.

कॅसरोल: पाणी येतं कुठून

हा विषय मोठा आहे, कारण इथे पाणी चार-पाच वाटांनी येतं आणि प्रत्येक वाट वेगळी बंद करावी लागते.

अमेरिकेत घरोघरी जे कॉर्न कॅसरोल होतं त्याचं माप जवळजवळ ठरलेलं आहे. जिफीच्या कॉर्न मफिन मिक्सचं साडेआठ औंसांचं, म्हणजे सुमारे २४० ग्रॅमचं एक खोकं, अख्ख्या दाण्यांचा एक डबा, क्रीम स्टाइल कॉर्नचा, म्हणजे अर्धवट वाटलेल्या दाट मक्याचा, एक डबा, एक कप सावर क्रीम, ११३ ग्रॅम लोणी म्हणजे त्यांची एक स्टिक, आणि एक किंवा दोन अंडी. सगळं कालवून ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला, पाऊण ते एक तास. जिफी हे मिशिगनमधल्या चेल्सी गावच्या चेल्सी मिलिंग कंपनीचं. १९३० साली मेबल व्हाइट होम्स यांनी त्यांचं पहिलं तयार पीठ आणलं, मक्याचं मिक्स त्यानंतरचं. शाकाहारी घरांसाठी एक सूचना: या मक्याच्या मिक्समध्ये पूर्वी डुकराची चरबी असायची, म्हणून शाकाहारी खोकं वेगळं मिळायचं. खोक्यावरची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

पहिली वाट दाण्यांच्या डब्याची. काही घरांत डबा पाण्यासकट ओततात, काही घरांत निथळून. दोघांचंही कॅसरोल चांगलं झालेलं मी खाल्लं आहे, पण पाण्यासकट ओतणारे ते मोठ्या पसरट भांड्यात करतात, जिथे पाणी उडून जायला जागा असते. लहान खोल भांडं असेल तर डबा गाळणीत उपडा करा, दहा मिनिटं निथळू द्या आणि दाणे कोरड्या पंचावर पसरून टिपून घ्या. क्रीम स्टाइलचा डबा मात्र निथळायचा नाही. त्यातला दाटपणा हाच कॅसरोलचा आधार असतो.

दुसरी वाट फ्रोझन मक्याची, आणि भारतात बहुतेक जण तोच वापरतात. गोठताना दाण्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते आतल्या पेशी फोडतात, आणि दाणा वितळला की ते पाणी सुटतं. बर्फासकट दाणे मिश्रणात घातले तर सगळं पाणी ओव्हनमध्ये सुटणार, तेही खालची बाजू बसायच्या ऐन वेळी. दाणे पूर्ण वितळू द्या, गाळणीत हलकेच दाबा, मग मोठ्या आचेवर कोरड्या कढईत चार-पाच मिनिटं परता. आधी वाफ निघते, मग आवाज बदलतो, चरचर तडतडीत होते आणि एखाद-दुसऱ्या दाण्यावर तपकिरी ठिपका येतो. तिथे थांबा. पाणी गेलंच, वर भाजलेल्या कणसाची चव मिळाली.

ताजा स्वीट कॉर्न घेत असाल तरी त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, हे लक्षात असू द्या. आपला गावरान मका वेगळा. जून दाण्यात स्टार्च जास्त, गोडी कमी. त्याचं कॅसरोल पाणी सोडत नाही, पण दाणे चिवट राहतात. तो वापरायचा असेल तर किसून वापरा.

तिसरी वाट भाज्यांची. कच्चा कांदा, ढोबळी मिरची, पालक परस्पर मिश्रणात घातले की मिठामुळे त्यांना पाणी सुटतं. आधी परतून गार करा. मीठ लावलेल्या मक्याचं मिश्रण तासभर आधी कालवून ठेवणं हेही त्याच कारणासाठी टाळा. कालवलं की लगेच ओव्हनमध्ये.

चौथी गोष्ट अंड्याची. अंड्याचं प्रथिन ७० ते ८५ सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होतं आणि पाणी धरून ठेवतं. त्याच्या फार पुढे गेलं की ते आक्रसतं आणि धरलेलं पाणी सोडतं. म्हणजे कमी भाजलं तरी ओलं, जास्त भाजलं तरी ओलं. यामुळेच 'अजून वीस मिनिटं ठेवलं तर जास्तच पाणी सुटलं' असं लोक सांगतात, आणि ते खरं असतं. दोन अंडी घाला, एकावर भागवू नका. झालं की नाही हे मध्यावरून ठरवू नका, कडेपासून आत बघत या. कड भांड्यापासून किंचित सुटलेली, वर सोनेरी, भांडं हलवलं तर मधला तळहाताएवढा भाग हलकासा थरथरतो, पण लाट उठत नाही. अशा वेळी ओव्हन बंद करून बाहेर काढायचं. टूथपिक कोरडी यायची वाट बघू नका. हा केक नाही, आत क्रीम आहे, काडी जराशी ओलसर येणारच.

आणि मग थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता मध्यापर्यंत पोचत असते आणि निवताना स्टार्च घट्ट होत असतो. गरम गरम कापलेल्या कॅसरोलला जे पाणी सुटतं त्यातलं बरंचसं थोडं थांबलं असतं तर आतच जिरलं असतं. पॉटलकला नेणाऱ्यांसाठी हे सोयीचंच आहे, गाडीतल्या प्रवासात ते बसून जातं. मात्र फॉइल सैल लावा. घट्ट लावली तर वाफेचं पाणी होऊन वर ठिबकतं.

भांडं काचेचं असेल तर ते उशिरा तापतं आणि मग बराच वेळ तापलेलं राहतं. धातूच्या टिनमध्ये खालून लवकर होतं. २० सेंटिमीटरच्या चौकोनी खोल भांड्यात एक तास लागतो ते ९ बाय १३ इंचाच्या पसरट भांड्यात पस्तीस-चाळीस मिनिटांत होतं. रेसिपीतली वेळ भांडं बदललं की बाद समजा. घरचा ओटीजी असेल तर निदान पंधरा मिनिटं तापवा आणि शक्य असेल तर आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. बटणावर १७५ आणि आत १५० असं सर्रास असतं. वरचा रॉड जवळ असल्यामुळे वरून रंग लवकर येतो आणि आत कच्चं राहतं. रंग आला की वर फॉइल टाकून पुढे भाजा.

भारतात जिफी आणि क्रीम स्टाइल कॉर्न दोन्ही शोधत बसायची गरज नाही. एका खोक्याच्या जागी पाऊण कपाला थोडा कमी मैदा, अर्धा कप मक्याचा बारीक रवा, तीन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे तेल. क्रीम स्टाइलसाठी दोन कप दाणे घ्या, निम्मे मिक्सरमधून काढा, अर्धा कप दूध, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडी साखर घालून पातेल्यात शिजवा. खदखदायला लागल्यावर आणखी मिनिटभर ढवळायचं, कारण कॉर्नफ्लोअर पूर्ण शिजलं नाही तर ओव्हनमध्ये पाणी धरणार नाही. डावाला जाड थर चिकटून राहिला की गार करा.

अंडं न घालणाऱ्यांनी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर जास्त घ्यावं, दूध कमी करावं आणि पसरट भांडं वापरावं. कापून चौकोनी वडी हवी असेल तर निदान अर्धा तास निवू द्या. तरी अंड्याच्या कॅसरोलइतकं ते उभं राहत नाही, चमच्याने वाढायच्या मऊ पदार्थासारखं होतं, आणि तसंच वाढलं तर सगळे आवडीने खातात. जवसाच्या पिठाने मिश्रण बांधलं जातं, पण त्याने कॅसरोल बसत नाही. इथे ते घालण्यात फारसा अर्थ नाही.

कॉर्नब्रेड कोरडा, नाहीतर गिच्च

इथे उलटा प्रकार आहे. मक्याच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे ब्रेडला बांधणारं काही नसतं, आणि रवाळ पीठ पाणी सावकाश पितं. ओव्हनमध्ये गेल्यावर वरचा थर बसला तरी रव्याचे कण आतून तहानलेले राहतात आणि भाजून झाल्यावर आजूबाजूचा ओलावा ओढून घेतात. म्हणून सकाळचा ब्रेड दुपारी आणखी कोरडा लागतो.

पहिलं कारण पिठाचं. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकसारख्या पाकिटांत मिळतात. भारतीय दुकानातलं 'कॉर्नफ्लोअर' म्हणजे पांढरा शुभ्र स्टार्च, त्याने कॉर्नब्रेड होतच नाही. भाकरी-रोटीसाठी मिळतं ते मक्याचं पीठ अगदी बारीक दळलेलं, त्याचा ब्रेड गिच्च आणि जड होतो. कॉर्नब्रेडला लागतो तो मक्याचा बारीक रवा, बोटांच्या चिमटीत खरखरीत लागणारा. नुसतं रोटीचं पीठ हाताशी असेल तर त्यात निम्मा साधा गव्हाचा रवा मिसळून चांगलं काम होतं. मेक्सिकन दुकानातलं मासा हारिना चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, ते टॉर्टियाचं पीठ आहे, इथे नको.

दुसरं कारण अदलाबदलीचं. ताकाच्या रेसिपीत कपाला कप सावर क्रीम घातलं की ब्रेड कोरडा पडणारच, कारण ताकात नव्वद टक्के पाणी असतं आणि सावर क्रीममध्ये त्यापेक्षा बरंच कमी. एक कप ताकाच्या जागी दोन तृतीयांश कप सावर क्रीम आणि एक तृतीयांश कप दूध घ्या. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पण डावातून सहज पडणारं हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाते. मक्याचा रवा सावर क्रीम आणि दुधात आधी वीस-तीस मिनिटं भिजवा. मैदा, सोडा, बेकिंग पावडर नंतर. भिजवलेला रवा आणि न भिजवलेला रवा यांचा ब्रेड शेजारी शेजारी ठेवून बघा. भिजवलेल्याचा तुकडा मोडताना कड मऊ राहते, खाली पडणारे कण मोजके असतात आणि दातांखाली वाळूसारखं काही येत नाही.

सोड्याचं माप एक कप सावर क्रीमला अर्धा लहान चमचा. तेवढ्यात आंबटपणा बऱ्यापैकी मारला जातो. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव आणि काळपट तपकिरी रंग येतो. जिफीसारख्या तयार मिक्समध्ये सोडा आधीच असतो, तिथे 'सावर क्रीम आहे म्हणून थोडा' असा वरचा सोडा घालू नका.

ब्रेड कडवट लागला तर सावर क्रीम खराब होतं असं बहुतेकांना वाटतं. आधी पिठाचा वास घ्या. अख्ख्या दाण्यापासून दळलेल्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते उबदार फडताळात खवट होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फार लवकर. मक्याचा रवा फ्रिजमध्ये घट्ट डब्यात ठेवावा आणि लहान पाकीट आणावं.

बिडाचा तवा किंवा उभ्या कडेची बिडाची कढई असेल तर ती ओव्हनमध्येच २०० सेल्सिअसला तापवा, चमचाभर तेल किंवा तूप सोडा आणि मिश्रण ओता. चर्र आवाज आला पाहिजे. खालचा पापुद्रा तिथेच धरतो आणि ब्रेड अख्खा सुटून येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या असाच करतात, आणि तिथल्या जुन्या वळणाच्या घरांत त्यात साखर जवळजवळ नसते. उत्तरेकडचा ब्रेड गोड, केकच्या जवळ जाणारा. सावर क्रीम मला गोड ब्रेडमध्ये जास्त आवडतं, आंबट-गोड तोल छान जमतो.

सावर क्रीम मिळत नाही तेव्हा

मोठ्या शहराबाहेर सावर क्रीम सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी महाग. पण लोण्यासाठी साय साठवून तिला विरजण लावायची पद्धत ज्या घरात आहे, त्या घरात ते आहेच. विरजलेली साय घुसळायच्या आधी वाटीभर काढून घ्या, पंचात बांधून तासभर निथळा आणि फेटा. स्निग्धांश दर वेळी वेगळा असणार, पण बहुतेकदा तो बाजारच्या सावर क्रीमपेक्षा जास्तच असतो, आणि म्हणून ती गॅसवर चांगली टिकते. फार दिवस साठवलेली साय घेऊ नका, तिचा उग्र वास मक्याच्या नाजूक गोडीवर चढतो.

साय नसेल तर २५ टक्के स्निग्धांशाचं पाकिटातलं फ्रेश क्रीम कोमट करा, कपाला एक मोठा चमचा ताजं दही घुसळून घाला, रात्रभर ओट्यावर आणि मग चार-पाच तास फ्रिजमध्ये. टेट्रापॅकचं क्रीम जरा पातळ विरजतं, निथळून घ्यावं लागतं.

चक्का सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. त्यात प्रथिन भरपूर, स्निग्धांश थोडा, म्हणजे सूपमध्ये तो सगळ्यांच्या आधी फुटतो. सूपला चक्का नको. कॅसरोल आणि कॉर्नब्रेडमध्ये चालतो, पण पाऊण कप चक्क्यात पाव कप क्रीम फेटून घाला. फार आंबट दह्याचा चक्का असेल तर कॅसरोलची गोडी मरते, साखर वाढवूनही परत येत नाही. गोडसर ताज्या दह्याचाच घ्या.

कणसावर सावर क्रीम लावून एलोते, म्हणजे मेक्सिकन पद्धतीचं कणीस, करताना ते घसरून ताटात जमा होतं, ही तक्रारही बरेच जण करतात. उकडलेलं कणीस ओलं असतं, त्यावर काहीच टिकत नाही. कणीस भाजा किंवा उकडल्यावर पुसून दोन मिनिटं आचेवर फिरवा, आणि सावर क्रीममध्ये निम्मं मेयोनीज मिसळा. तेलामुळे ते दाण्यांना धरून बसतं आणि वर भुरभुरलेलं चीज, तिखटही त्याला चिकटतं.

दुसऱ्या दिवशी

उरलेलं सूप मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर तापवलं की कडेचं उकळतं आणि फुटतं, मधलं गारच राहतं. अर्ध्या ताकदीवर ठेवा आणि दर मिनिटाला ढवळा. कॅसरोल झाकून १६० सेल्सिअसला ओव्हनमध्ये गरम करा, तळाशी थोडं पाणी दिसलं तर कागदी नॅपकिनने टिपून घ्या. कॉर्नब्रेडचे तुकडे गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात. सावर क्रीम घातलेलं सूप मात्र गोठवू नका, वितळल्यावर ते रवाळ होतं आणि ढवळून सुधारत नाही. गोठवायचं असेल तर क्रीम घालण्याआधीच डब्यात काढून ठेवा आणि क्रीम खायच्या दिवशी घाला.